किल्लेदाराची झोप

व्याकरणाच्या तासाला कादंबरी वाचायची, हे खूळ माझंच. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. सुरतेत गोडादऱ्याच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीला मराठी शिकवते, आणि त्या वर्षी आठवड्यातला एक तास मी मोठ्या सरांकडून, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांकडून, हट्ट करून काढून घेतला होता. सर म्हणाले होते, बघू या. ते 'बघू या' मी 'हो' असं धरलं आणि दुसऱ्याच दिवशी पुस्तक काखोटीला मारून वर्गात शिरले. आनंद झाला की माझं असंच होतं. आवाज दोन पट्ट्या वर चढतो, खडू हातातून निसटतात आणि समोरच्याचं ऐकून घ्यायचं भान राहत नाही.

कादंबरी एका किल्ल्याच्या वेढ्याची होती. गोष्ट सोपी. मोठ्या दरवाजातल्या दिंडीवर, म्हणजे लहान दारावर, रात्रभर एक पहारेकरी उभा असतो. पहाटे चौघडा वाजतो, त्याचा पहारा संपतो, तो घरी जातो. दिवसाच्या पहारेकऱ्याला यायला उशीर होतो. मधल्या वेळात दिंडीवर कुणीच नसतं आणि शत्रूची माणसं आत शिरतात. वर किल्लेदार गाढ झोपलेला असतो. त्याच्या हुजऱ्याला खालची गडबड दिसते, पण किल्लेदाराची झोप मोडायची त्याची छाती होत नाही. उजाडतं तेव्हा किल्ला गेलेला असतो, आणि मग जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मला मुलांना एवढंच शिकवायचं होतं, की एकच पहाट, पण चौघांच्या डोळ्यांना ती चार प्रकारची दिसते. ती चारही रूपं शेजारी शेजारी ठेवून बघा. कादंबरीतला हाच उतारा पाठ्यपुस्तकात धडा म्हणून होता, आणि बाजारातल्या गाइडमध्ये त्याचं उत्तर तयार होतं: रात्रीचा पहारेकरी निष्काळजी, किल्लेदार कर्तव्यनिष्ठ, गुण पाच. त्या उत्तराचा मला इतका राग होता की वर्गात गाइड दिसलं की मी ते जप्त करून टेबलाच्या खणात टाकायची. खण भरला तेव्हा बंद होईना.

पहिल्याच तासाला मी फळ्यावर दरवाजा काढला, दिंडी काढली आणि विचारलं, चूक कोणाची वाटते. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि विचारलं, "टीचर, त्या रातपाळीवाल्याची बदली आली होती का?"

मी म्हटलं, अगं, किल्ल्यावर पाळ्या नसतात, तो पहारा असतो. पण तोवर वर्ग उठला होता. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे वडील यंत्रमागावर. मागाच्या कारखान्याला इकडे खातं म्हणतात, आणि खात्याचे नियम या मुलांना पाढ्यांआधी पाठ झालेले असतात. सात ते सात दिवसपाळी, सात ते सात रातपाळी, आणि बदलीचा माणूस आल्याशिवाय माग सोडायचा नाही. सोडला आणि मध्ये धागे तुटून कापड खराब झालं, तर ते कोणाच्या नावावर, यावरून घराघरांत भांडणं झालेली. मुलांनी किल्ला उचलला आणि सरळ खात्यात नेऊन ठेवला. दिंडी म्हणजे माग, चौघडा म्हणजे भोंगा, किल्लेदार म्हणजे शेठ. ज्यांचे वडील रातपाळीला ते म्हणाले, बारा तास उभा राहिलेला माणूस आणखी किती उभा राहील. ज्यांचे दिवसपाळीला ते म्हणाले, बदली न बघता निघालाच कसा. दोन रांगांचे दोन पक्ष झाले. मी मध्ये उभी राहून दोन्हीकडे मान डोलवत होते आणि मनात उकळ्या फुटत होत्या.

एका गटाने तर लिहून आणलं, की ते दोघे पहारेकरी एकाच खोलीत राहतात आणि त्यांच्यात एकच गादी आहे. एक उठतो तेव्हा दुसरा आडवा होतो, म्हणून इतकी वर्षं एकत्र काढूनही दोघांचं धड बोलणं असं कधी झालेलंच नाही. मी हसून हसून खुर्चीत बसले. कादंबरीत असं कुठे लिहिलं आहे, म्हणून विचारलं. ते म्हणाले, टीचर, नाही असं तरी कुठे लिहिलं आहे. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन पुन्हा सगळं पुस्तक चाळलं. खरंच, नाही असं कुठेही नव्हतं. लेखकाने पहारेकऱ्यांना झोपायला कुठे पाठवलं होतं, देव जाणे.

मग मी आणखी एक आगाऊपणा केला. गृहपाठ दिला, की घरी विचारून या, चूक कोणाची. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पालकांचे आवाज यायला लागले. खात्यात पंधरा-वीस वर्षं काढलेला माणूस हळू बोलूच शकत नाही. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागते आणि कानही जातात. मी शिक्षक-खोलीत बसून पहिला निरोप लावला तर शेजारच्या गणिताच्या बाईंच्या हातातला चहा सांडला. कुणी म्हणत होतं रातपाळीवाला निर्दोष आहे, कुणी म्हणत होतं दोघांनाही काढा, एका आईने म्हटलं होतं की दिवसवाल्याचा डबा भरायला उशीर झाला असेल, आणि त्याची बायको आजारी आहे का हे आधी पाहा. एक गृहस्थ तर रातपाळी सुटल्यावर थेट शाळेच्या फाटकाशी आले. केसांवर धाग्यांची भुरी तशीच. दिवसवाला उशिरा का आला, ते पुस्तकात दिलं आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, नाही दिलेलं. ते नाराज झाले. मग पुस्तक अर्धंच आहे म्हणाले, आणि झोपायला गेले.

इतकं सगळं चाललं आणि मोठ्या सरांना कळलं नाही असं कसं होईल. त्यांनी मला बोलावून घेतलं. सर माणूस वाईट नाही, पण प्रयोग-अलंकार बुडाले की त्यांना रात्री झोप लागत नाही. ते म्हणाले, तुमच्या तासाला चार पोरं नाचतात आणि बाकीची बघत बसतात, त्यापेक्षा व्याकरण बरं. मी भडकले. मी म्हटलं, सर, माझ्या वर्गातलं एकूण एक मूल बोलतं. ते शांतपणे म्हणाले, ठीक आहे, येत्या पालकसभेत बोलून दाखवू दे. एकूण एक. एकही मूल मुकं राहिलं तर तास व्याकरणाला परत. मी ताडकन 'चालेल' म्हटलं आणि बाहेर व्हरांड्यात येऊन मग मला ती आठवली.

ती म्हणजे खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी. हुशार, अक्षर मोत्यासारखं, पण बोलायची ती इतकं हळू, की ओठ हलताना दिसायचे, बाकी काही नाही. हजेरीला ती 'हजर' म्हणायची की नुसता श्वास सोडायची, मला कधीच कळलं नाही. सहा महिने मी तिला रोज टोकत होते. आवाज काढ गं, पोटातून बोल, शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे. माझ्या मते ती भित्री होती. रागात असले की माझ्या मते ती आळशी होती.

सभेसाठी मी चिठ्ठ्या टाकल्या. कुणी रात्रीचा पहारेकरी, कुणी दिवसाचा, कुणी हुजऱ्या, कुणी दोघांच्या घरची माणसं. प्रत्येकाने आपल्या पात्राच्या डोळ्यांनी ती पहाट सांगायची. हिच्या चिठ्ठीत निघाला किल्लेदार. सगळा वर्ग खदखदून हसला. मीही हसले, आज आठवलं की लाज वाटते. मी तिला चिठ्ठी बदलून देऊ केली. तिने मान हलवली. नको.

दोन दिवसांनी तिने भाषण लिहून आणलं. वाचून मी लाल पेन उचललं. आमच्या कादंबरीतला किल्लेदार जमदग्नी. झोपेतून उठवलं म्हणून एका हुजऱ्याला त्याने कड्यावरून लोटल्याची गोष्ट त्यात येते. हिचा किल्लेदार म्हणत होता, मला उठवायला हवं होतं, मी रागावलो नसतो. मी समासात लिहिलं, 'कादंबरीत असं नाही.' तिने ते वाचलं, वही मिटली आणि ओठ हलवले. मी कान पुढे केला तेव्हा ऐकू आलं, की हुजऱ्याला नाही माहीत टीचर, पण किल्लेदाराला तर माहीत असेल ना, आपण रागावलो असतो की नाही ते. मला पटलं नव्हतं, तरी मी ते तसंच राहू दिलं.

मग सुरू झाला सराव. मी मैदानाच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. मी ओरडायची, ऐकू येत नाही. ती तोंड उघडायची, आणि मला फक्त रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू यायच्या. चौथ्या दिवशी माझा संयम सुटला. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, घरीपण अशीच बोलतेस का. तिने होकाराची मान हलवली. मला वाटलं, चेष्टा करते आहे. मी म्हटलं, मग आजपासून घरी मोठ्याने सराव करायचा, चांगली आरोळी ठोकून. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला देवळातली घंटा चोरून आणायला सांगितलं होतं.

पालकसभा रविवारी सकाळी होती, शाळेच्या गच्चीवर, पत्र्याखाली. एरवी आमच्या सभेला आया येतात आणि त्याही निम्म्या. त्या दिवशी बापांनी गच्ची भरली. काही तर रातपाळीवरून घरी न जाता आलेले, डबे मांडीवर. आपला पहारेकरी सुटतो की नाही, हे बघायलाच आले असावेत. मोठे सर पहिल्या रांगेत, हातात मुलांची यादी, जो बोलला त्याच्या नावावर खूण.

सुरुवात रात्रीच्या पहारेकऱ्यांनी केली, आणि तिसऱ्याच मुलाला मागून उत्तर आलं. उत्तर देणारे एक दिवसपाळीवाले काका होते. त्यांना उत्तर दिलं दुसऱ्या काकांनी. एका आजींनी दोघांना खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. मुलं बाजूला राहिली आणि गच्चीवर असा कल्ला झाला, की खालून चहावाला बघायला वर आला. सरांनी टेबल बडवलं. मला हसू आवरेना. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि माझे खांदे हलताना सगळ्यांना दिसले. एकामागून एक मुलं बोलत होती, सरांच्या यादीवर खुणा पडत होत्या, आणि मला वाटत होतं की आता पत्रा उडून जाईल आणि आम्ही सगळे वर तरंगत जाऊ.

मग किल्लेदाराची पाळी आली.

ती उभी राहिली. गच्ची आपसूक शांत झाली. तिने समोर पाहिलं, तिसऱ्या रांगेत, आणि ओठ हलवायला लागली. आवाज नाही. मागून कुणीतरी खणखणीत विचारलं, पोरगी काय म्हणतेय. ती आणखी हळू झाली. आता तर ओठही नीट हलत नव्हते. मोठे सर यादीवर पेन टेकवून माझ्याकडे बघत होते. तास गेला, हा माझा पहिला विचार, आणि दुसरा विचार तिचा नव्हता, पुन्हा तासाचाच होता. मी तिच्याजवळ जाऊन दातांतल्या दातांत म्हटलं, अगं मोठ्याने.

तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "टीचर, पप्पा झोपलेत."

मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. रातपाळी करून आलेला तिचा बाप, हनुवटी छातीवर, डबा मांडीवर, खुर्चीत गाढ झोपला होता.

मला एवढं मोठ्याने हसू आलं की मी तोंडावर हात दाबला. आणि हात तसाच असताना मला समजलं. मी तिला विचारलं, घरी रोज असंच का. तिने सांगितलं. एकच खोली. सात वर्षं पप्पा कायम रातपाळीला, दिवसा झोपलेले. म्हणून आई कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करते. दाराच्या कडीला फडकं गुंडाळलेलं. टीव्ही नुसता बघायचा. दोघी बहिणी बोलतात त्या अशा. सात वर्षं. आणि मी तिला सांगत होते, की घरी आरोळी ठोक.

मी हे सगळं गच्चीला सांगून टाकलं. सांगायला नको होतं कदाचित, पण त्या क्षणी माझ्या तोंडावर माझा ताबा नव्हता. शेजारच्या माणसाने बापाला हलवलं. तो दचकून उठला, डबा खाली पडला, आणि त्याने मोठ्याने विचारलं की काय झालं. शेजाऱ्याने त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं: तुझी झोप मोडेल म्हणून पोरगी बोलत नाही, घरीसुद्धा बोलत नाही.

तो उभा राहिला. त्याला नीट कळायला वेळ लागला. लेकीकडे बघून तो अहिराणीत बोलला, आणि त्याच्या मते ते हळू होतं, पण सगळ्या गच्चीला ऐकू गेलं.

"माले कोठे ऐकू येस वो माय? तू आरोळ्या मारत्यात तरी मी जागा होतु नही." मग म्हणाला, "माले वाटे, घरमा कोनी मनासंगे बोलतंच नही. माले वाटे, मनावर रुसेल शेतंस सर्वा."

कुणी हसलं नाही. त्याला वाटत होतं, घर आपल्यावर रुसलं आहे. कायमची रातपाळी धरली म्हणून, दिवसा कधी कुणाला कुठे नेलं नाही म्हणून. आणि घर बिचारं त्याच्यासाठी चवड्यांवर चालत होतं. एकाच खोलीतली सात वर्षं, आणि दोन बाजूंनी ती अशी दोन दिसत होती. फळ्यावर मी महिनाभर जे शिकवत होते, ते हेच होतं, आणि मला ते खिडकीजवळच्या बाकावर दिसलं नव्हतं. मी त्या मुलीला भित्री म्हणत होते. गच्चीवरच्या त्या गर्दीत मला अगदी मनापासून लाज वाटली.

ती अजून उभीच होती. बाप अजून उभा होता. मग तिने श्वास घेतला आणि किल्लेदार बोलला. कसला आवाज होता तो. फाटका, नवा, कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं हे ठाऊक नसलेला.

"मला उठवलं का नाही? सगळे माझ्या झोपेला घाबरत होते. मी रागावलो नसतो. मला उठवायचं होतं."

पुढेही दहा-बारा ओळी होत्या, त्या तिने सगळ्या म्हटल्या, पण मला त्या ऐकू आल्या नाहीत, कारण गच्चीवरच्या आया रडत होत्या, त्यांच्यात मीही होते, आणि बाप एक हात कानामागे धरून प्रत्येक शब्दाला मान हलवत होता. मोठ्या सरांनी यादीवर शेवटची खूण केली. खाली उतरताना जिन्यात ते म्हणाले, तास तुमचा. दोन पायऱ्या उतरून पुन्हा थांबले आणि म्हणाले, मी पण येऊन बसेन म्हणतो, त्या दिवसवाल्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे. एरवी मी जिन्यातच नाचले असते. त्या दिवशी मी नुसतं 'या ना सर' म्हटलं.

फाटकाशी ती दोघं दिसली. त्याने घरी जाऊन झोपायला हवं होतं; संध्याकाळी सातला पुन्हा खात्यावर उभं राहायचं होतं. पण तो रस्त्याच्या कडेला थांबून तिच्याकडे वाकला होता.

"सात वरीसमा काय काय बोलनी तू, ते आते सांग," तो म्हणाला.

ती क्षणभर गोंधळली. मग दुसरीतल्या एका पडलेल्या दातापासून सुरू झाली, रिक्षांच्या वरताण ओरडत, आणि तो तिचं दप्तर खांद्याला अडकवून, ऐकायचा कान तिच्या बाजूला करून, अगदी हळूहळू घराकडे चालायला लागला.